शनिवारी बर्फ, शनिवारीच नाटक

मी मूळचा अकोल्याचा. मे महिन्यात जिथे पारा सेहेचाळीसला टेकतो, त्या गावच्या माणसाला बर्फाचं वेड कशामुळे लागलं ते मला नीट सांगता येत नाही. कधी लागलं ते मात्र सांगता येतं. २००२ च्या उन्हाळ्यात आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावी घर घेतलं. जवळच्या एका औषध कंपनीत मी आकडेवारीचं काम करायचो. सामान उतरवताना शेजारचे आजोबा मदतीला आले आणि बोलता बोलता म्हणाले, की गेल्या हिवाळ्यात या अंगणात पोटरीपर्यंत बर्फ होता, आणि त्याच्या दोन वर्षं आधी गुडघ्यापर्यंत. पंगत उठल्यावर लग्नघरी पोचावं तसं मला झालं. तेव्हापासून मी पुढच्या पंगतीची वाट बघत होतो.

कॅरीत बर्फ पडणं सोपं नाही. थंडी उत्तरेकडून येते आणि पश्चिमेच्या डोंगरांना टेकून बसते. ओल समुद्रावरून येते. दोघींची गाठ पडायची तर किनाऱ्याच्या बाजूने एखादं वादळ वर सरकावं लागतं, आणि तेही बेताच्या अंतरावरून. ते किनाऱ्याला फार चिकटून गेलं तर समुद्रावरची ऊब आत शिरते आणि आमच्याकडे पाऊस पडतो. फार दुरून गेलं तर काहीच पडत नाही. मधली जी अरुंद पट्टी आहे तिच्यातून वादळ क्वचित जातं. आमच्या पहिल्या काही हिवाळ्यांत जी वादळं आली ती बहुतेक पावसावर गेली. बर्फ पडला तो अर्धा इंच, एक इंच. एकदा दीड.

अशी वाट बघणारा मी एकटाच आहे, असं मला आधी वाटायचं. मग इंटरनेटवर एक फोरम सापडला. शार्लटपासून किनाऱ्यापर्यंतचे शे-दीडशे लोक तिथे हिवाळाभर जमायचे. कोणी शिक्षक, कोणी ट्रकवाला, कोणी दंतवैद्य. दिवसातून चार वेळा कॉम्प्युटर मॉडेलचे नवे नकाशे यायचे आणि त्यावर घमासान चर्चा व्हायची. तिथे ‘विशकास्टर’ हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. जे दिसतं ते न सांगता जे हवं ते सांगणारा माणूस, असा त्याचा अर्थ. तो आरोप आपल्यावर कधी येऊ नये म्हणून मी फार जपायचो. लिहिताना आधी आकडे द्यायचे, मग मत, आणि आशा शेवटच्या ओळीत, वेगळी.

मागच्या अंगणात मी पांढरा रंग दिलेली प्लायवूडची एक चौकोनी फळी ठेवली होती. गवतावर मोजलेला बर्फ फुगून जास्त भरतो, म्हणून फळीवर मोजायचा असतो. नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग झालं की फळी बाहेर, मार्च संपला की आत.

“पाट मांडून चार वर्षं झाली,” बायको म्हणायची. “पाहुण्याचा पत्ता नाही.”

ती मला वेधशाळा म्हणत असे. इथल्या मराठी मंडळातही तेच नाव पडलं होतं, आणि ते कौतुकाचं नव्हतं. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला वेधशाळा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

बायकोविषयी सांगायला हवं, कारण ही गोष्ट तिची आहे. ती नागपूरची. कॉलेजात असताना नाटकं बसवायची, स्पर्धांना न्यायची. लग्नानंतर आम्ही इकडे आलो ते माझ्या व्हिसावर. त्या व्हिसावर तिला नोकरी करायची परवानगी नव्हती. ग्रीन कार्डाची रांग पुढे सरकत नव्हती. इतक्या वर्षांत तिनं घर, मुलगी, मंडळाची शनिवारची मराठी शाळा सगळं केलं, पण नाटक असं केलं नाही. कॅरीतल्या पाचव्या हिवाळ्यात तिनं स्वतःच एक एकांकिका लिहिली. लग्नघरात ऐन वरण-भात शिजत असताना गॅसचा सिलिंडर संपतो, आणि तीन जावा एकमेकींकडे बघतात, इथून सुरुवात. मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती करायची ठरली. जानेवारीतला शेवटचा शनिवार, दुपारी चार वाजता, एका शाळेच्या कॅफेटेरियात. तिथे एका टोकाला छोटा रंगमंच होता आणि त्याला दोरीनं ओढायचा खरा पडदा होता. पडदा ओढायचं काम माझं.

तालमी आमच्या बैठकीच्या खोलीत व्हायच्या. थोरल्या जावेचं काम करणारी बाई एरवी बँकेच्या काउंटरमागे बसल्यासारखी शांत दिसायची, पण उभी राहिली की खोली तिच्या ताब्यात जायची. बायको म्हणायची, “ही नसेल तर नाटक नाही.” जानेवारीत त्या बाईच्या नवऱ्याचा प्रोजेक्ट बदलला. त्याला टेक्सासमध्ये फ्रिस्कोला रुजू व्हायचं होतं. नाटकानंतरच्या सोमवारी त्यांचं सामान ट्रकमध्ये चढणार होतं.

म्हणजे नाटक त्या शनिवारी होणार होतं, नाहीतर होणार नव्हतं.

आणि त्या आठवड्याच्या सुरुवातीला नकाशावर वादळ दिसू लागलं.

मी पहिले दोन दिवस घरात बोललो नाही. असं दहा दिवस आधी, आठ दिवस आधी खूप काही दिसतं आणि विरून जातं. पण हे विरेना. मेक्सिकोच्या आखातात उगम, मग जॉर्जियाखालून किनाऱ्याकडे, मग समुद्राच्या कडेनं वर. अमेरिकन मॉडेल, युरोपियन मॉडेल, दोन्ही जवळपास एकाच वाटेनं. फोरमवर आनंदीआनंद. किनाऱ्याजवळच्या गोल्ड्सबरोकडचा एक निवृत्त गृहस्थ नेहमी पावसातच अडकायचा. त्यानंही लिहिलं, की या वेळी तुम्हा पश्चिमेकडच्यांचा दिवस आहे, मला फोटो पाठवा.

वादळ शनिवारी येत होतं.

इथे शाळांचा नियम सरळ आहे. ज्या वेळेत बर्फाची शक्यता असेल त्या वेळेत इमारत बंद, सगळे कार्यक्रम रद्द. आमच्याकडे एक इंच बर्फ पडला तरी रस्त्यावर गाड्या आडव्या होतात, त्यामुळे नियम चुकीचा म्हणता येत नाही.

बुधवारी संध्याकाळी मंडळाचे सेक्रेटरी आमच्याकडे आले. पुण्याचे, सदाशिव पेठेतले. स्वभावानं चांगले, जिभेनं तितके नव्हेत. हॉलची वेळ बदलायची तर शाळेला गुरुवारी दुपारपर्यंत कळवणं भाग होतं. बायकोनं चहा ठेवला आणि समोर येऊन बसली.

“बोला वेधशाळा,” सेक्रेटरी म्हणाले. “टीव्हीवाले म्हणतात शनिवारी काहीतरी येतंय. तुमचं काय म्हणणं?”

मी बोलायला लागलो. वादळाची वाट, वरच्या हवेत पाच हजार फुटांवर घुसणारी ऊब, जमिनीजवळची कोरडी हवा. मला वाटतं मी बराच वेळ बोललो. त्या बोलण्यात काहीतरी असावं, कारण बायको माझ्या तोंडाकडे बघत होती, नकाशाच्या प्रिंटकडे नाही.

“थांब,” ती म्हणाली. “तुझे डोळे चमकतायत. तुला काय हवंय ते नको सांगूस. काय होणार ते सांग.”

मी थांबलो. मनातल्या मनात बारा इंच बाजूला ठेवले. खरंच ठेवावे लागले. मग म्हणालो, “दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान सुरू होईल. दहात सात.”

“आणि उरलेले तीन?” सेक्रेटरी.

“त्यात उशिरा येईल, किंवा येणारच नाही.”

सेक्रेटरी सोफ्यावर मागे रेलले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “मग प्रश्नच मिटला. चार वाजता करू.”

“अहो, दहात सात म्हणाला तो,” बायको म्हणाली.

“ऐकलं की. आमच्या वडिलांचा नियम होता वहिनी. रेडिओवर मुसळधार म्हणाले की छत्री घरी ठेवायची, आणि आकाश निरभ्र म्हणाले की रेनकोट घालायचा. सत्तर वर्षं जगले, एकदा भिजले नाहीत. हे दहात सात म्हणाले म्हणजे शनिवारी ऊन पडणार. गॉगल आणा.”

आमची मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. ती फ्रीज उघडून उभी होती. तिथूनच म्हणाली, “बाबा, इट्स नेव्हर गोना स्नो हियर. लाइक, एव्हर.”

“बघा, नव्या पिढीचंही हेच मत,” सेक्रेटरी म्हणाले.

मला त्यांचा राग आला नाही. ते गमतीत बोलत होते, पण पुरते गमतीत नव्हते. आपल्याकडे हवामानाचा अंदाज हा विश्वास ठेवायचा प्रकारच नसतो. तो उलटा करून वापरायचा असतो. लहानपणापासूनची सवय एकदम कशी सुटणार? मलाही माझ्या आकड्यावर हटून बसता येईना. चुकलो तर नाटक माझ्यामुळे बुडणार होतं. सातवर हट्ट धरणारा माणूस खोटं तर बोलत नाही ना, याची खात्री मला स्वतःलाच हवी होती.

बायको उठली. चहा ओतला, सगळ्यांना दिला. मग मला विचारलं, “सकाळी दहा ते बारा. त्या वेळात बर्फ नाही, असं दहात किती?”

हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. चार दिवस मी फक्त एवढंच मोजत होतो, की येईल का आणि किती येईल.

“नऊ,” मी म्हणालो.

“म्हणजे तो आला तरी सकाळ मोकळी, नाही आला तरी मोकळी. नाटक सकाळी दहाला.”

“सकाळी दहाला?” सेक्रेटरी सरळ बसले. “वहिनी, सकाळी दहाला हळदीकुंकू कोण करतं? बायकांनी पहाटे उठून मसालेभात करायचा? ऐंशी माणसांचा?”

“मी करते की. तुम्ही वाटाणे सोलायला या.”

“आणि याचं काहीच खरं झालं नाही, लखलखीत ऊन पडलं तर?”

“तर तुम्ही गॉगल घालून या,” ती म्हणाली. “मी नवऱ्याचं ऐकतेय, वेधशाळेचं नाही.”

गुरुवारी सकाळी तिनं शाळेला फोन केला. मग एकेका घरी. मी ऑफिसातून आलो तेव्हा ती अजून फोनवरच होती. “हो, दहा. सकाळचे. नाही हो, मी बरी आहे.”

शुक्रवारी रात्री तिनं बघितलं तरी नाही, की मी मॉडेल बघतोय की काय. मसाला भाजत होती. मी एकदाच सांगितलं, की वेळ जरा अलीकडे सरकतेय. तिनं झारा हलवणं थांबवलं. “किती?”

“दोनऐवजी एक असेल.”

“मग ठीक आहे.” झारा परत सुरू झाला.

शनिवारी सकाळी आभाळ दुधाळ होतं. सूर्य होता, पण घासलेल्या काचेमागे ठेवल्यासारखा. अंगणातला थर्मामीटर एकतीस फॅरनहाइट, म्हणजे गोठणबिंदूच्या जरा खाली, दाखवत होता, आणि वारा ईशान्येचा होता. हे सगळं मला हवं तसं होतं. पण वादळ आमच्याआधी जिथे पोचतं त्या शार्लटकडच्या लोकांच्या नोंदी निघायच्या आधी बघायच्या राहिल्या. मागच्या सीटवर मसालेभाताचं पातेलं धरून बसायला कोणीतरी हवं होतं, आणि तो कोणीतरी मी होतो.

हॉलमध्ये माणसं आली. ऐंशी नाही, पन्नासच्या आसपास. काही पुरुष झोपेतून उठवून आणलेले दिसत होते. बायका मात्र काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, सगळं नीट करून आलेल्या. सेक्रेटरी खरोखरच गॉगल लावून आले. दारातून आत येताना त्यांनी तो कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “कोरडा ठणठणीत रस्ता आहे, वेधशाळा. वडील आज खूष असतील.”

दहा वाजून गेल्यावर, लाडक्या भारतीय वेळेपेक्षा बराच लवकर, मी पडदा उघडला.

विंगेतून नाटक अर्धंच दिसतं. मला जावांच्या पाठी दिसत होत्या आणि पलीकडच्या विंगेत बायकोचा चेहरा. ती प्रत्येक वाक्याबरोबर ओठ हलवत होती. सिलिंडर संपला तेव्हा पहिला हशा आला. धाकटी जाऊ म्हणाली की पाहुण्यांना कच्चे तांदूळ वाढू, निदान अक्षता म्हणून खपतील, तेव्हा मागून कोणीतरी टाळ्याच वाजवल्या. थोरल्या जावेनं वळून नुसतं बघितलं आणि हशा परत उसळला. बायकोनं त्या क्षणी ओठ हलवणं बंद केलं. पुढचं नाटक ती नुसतं बघत होती.

शेवटचा प्रवेश सुरू झाला होता. माझ्यामागचं छोटं दार उघडलं आणि शाळेची देखभाल करणारे गृहस्थ आत आले. वयस्क, सडपातळ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तो वाजू नये म्हणून त्यांनी तो मुठीत धरला होता. ते माझ्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, की ऑफिसातून फोन आलाय, बारापर्यंत इमारत रिकामी करायची आहे.

मी मान हलवली, आणि तेव्हा त्यांच्या खांद्याकडे लक्ष गेलं. निळ्या जॅकेटवर पांढरे कण होते. पावडरीसारखे नव्हे, पिसासारखे. एकेक सुटा. मी बघत असताना त्यातला एक विरघळला.

फोरमवर पहिल्या कणाला फार मान असतो. ज्याच्या त्याच्या अंगणातल्या पहिल्या कणाची वेळ लिहायची असते. लोक त्यासाठी थंडीत तासभर बाहेर उभे राहतात. मी चार हिवाळे उभा राहिलो होतो. दार माझ्यापासून चार पावलांवर होतं. माझ्या हातात दोरी होती.

“रस्ता पांढरा झालाय का?” मी विचारलं.

“नाही. गवत फक्त.”

जमीन आठवडाभर गारठलेली होती. रस्ता पांढरा व्हायला अर्धा तास, जास्तीत जास्त पाऊण. नाटक वीस मिनिटांचं राहिलं होतं. मी त्यांना म्हणालो, की वीस मिनिटं द्या, मग मी सगळ्यांना बाहेर काढतो. त्यांनी रंगमंचाकडे बघितलं. थोरली जाऊ रिकामा सिलिंडर मांडीवर घेऊन बसली होती आणि त्याच्याशी नवऱ्याशी बोलावं तसं बोलत होती. गृहस्थांना मराठी येत नव्हतं, पण ते दोन मिनिटं तिथेच थांबले. मग किल्ल्या मुठीत धरून गेले.

मी दोरी सोडली नाही. पलीकडच्या विंगेतून बायकोनं भुवया उंचावून विचारलं, काय झालं. मी हातानंच सांगितलं, काही नाही, चालू दे.

शेवटचं वाक्य झालं. पडदा ओढला. टाळ्या थांबेनात, म्हणून तो परत उघडावा लागला. त्या तिघी आणि बायको हातात हात घालून उभ्या होत्या, आणि थोरली जाऊ रडत होती, हसता हसता. दुसऱ्यांदा पडदा ओढल्यावर मी त्याच्या पुढे जाऊन उभा राहिलो.

“बाहेर बर्फ सुरू झालाय,” मी म्हणालो. “रस्ता अजून काळा आहे. थोड्या वेळानं राहणार नाही. हळदीकुंकू दारात घ्या, भात डब्यात घ्या, आणि हळू चालवा.”

मग मुलं खिडक्यांकडे धावली.

त्यापुढचा कार्यक्रम असा कधीच झाला नव्हता. कोट घालून रांगेत उभ्या असलेल्या बायकांना दारातच कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि “गोड बोला, ब्रेक जपून दाबा” म्हणत वाटेला लावलं. सेक्रेटरी भाताचे डबे भरत होते. मी पातेलं उचलायला गेलो तेव्हा त्यांनी मला अडवलं.

“वेधशाळा, एक मिनिट. बुधवारी काय म्हणालात? दोन ते पाच.”

“हो.”

“आत्ता वाजलेत किती?”

“साडेअकरा.”

“म्हणजे चुकलात,” ते म्हणाले, आणि समाधानानं डब्याचं झाकण लावलं. “वडिलांचा नियम शाबूत आहे.” मग आवाज उतरवून म्हणाले, “चार वाजता ठेवलं असतं तर वहिनींनी मला सोललं असतं. वाटाण्यासारखं.”

घरी पोचायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. आमच्या अंगणात फळीवर पाऊण इंच साचला होता. दोनपर्यंत अडीच इंच झाला. मग कानावर बारीक टकटक यायला लागली. बर्फाऐवजी स्लीट पडत होती, साबुदाण्याएवढे कडक दाणे. वरची ऊब शेवटी आलीच. गोल्ड्सबरोचा गृहस्थ सकाळपासून पावसात होता. शार्लटवाल्यांनी फोटो टाकले, सात इंच. संध्याकाळी उजेड जाण्याआधी परत थोडा बर्फ झाला आणि थांबला. मी पट्टी घेऊन बाहेर गेलो. बायको शाल गुंडाळून मागोमाग आली. मी फळीवर तीन ठिकाणी मोजलं.

“सव्वातीन,” मी म्हणालो.

“साडेतीन लिही की. एवढ्यानं काय होतंय?”

“सव्वातीन आहे.”

“आणि सुरू कधी झाला? पहिला कण?”

“ते मी पाहिलं नाही. ती जागा रिकामी सोडणार.”

तिला अजून माहीत नव्हतं. मग मी तिला किल्ल्या, जॅकेट, पिसासारखे कण सगळं सांगितलं. तिनं वाकून फळीच्या कडेचा थोडा बर्फ उचलला, हातात दाबून बघितला, आणि माझ्या कॉलरच्या आत घातला.

सोमवारी ऊन पडलं, रस्ते मोकळे झाले, आणि फ्रिस्कोचा ट्रक वेळेवर निघाला. जाताना थोरल्या जावेनं तो सिलिंडर, म्हणजे पुठ्ठ्याचा रंगवलेला, आपल्याबरोबर मागून घेतला. तिकडच्या मंडळाला ती हे नाटक दाखवणार होती. बायको ट्रक वळेपर्यंत फुटपाथवर उभी होती. मला वाटलं आता ती आठवडाभर गप्प राहील. पण दुपारी ती माझ्या कॉम्प्युटरपाशी खुर्ची ओढून बसली. हातात कागद होते, नवे.

“मार्चच्या पहिल्या शनिवारी काय दिसतंय?”

“इतक्या आधी काहीच सांगता येत नाही.”

“हॉल बघायचाय मला. दुसरं लिहायला घेतलंय. या वेळी दोघीच आहेत.”

“खरंच सांगता येत नाही. मॉडेल तितकं पुढचं दाखवतच नाही.”

“बरं,” ती म्हणाली. “मग या वेळी तुला काय हवंय ते सांग.”

“बारा इंच,” मी म्हणालो. “पण रविवारी.”